जावा-जावांचा करार

व्हायवाला "जावा आणि जावास्क्रिप्ट यात फरक काय?" असं विचारलं की निम्म्या वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं. "सर, जावास्क्रिप्ट म्हणजे जावाचं छोटं रूप." उत्तर साफ चूक आहे. पण देणाऱ्याला फार बोलण्यात अर्थ नाही, कारण नावच तसं ठेवलंय! मे १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जाहीर केली. त्याच महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरसाठीच्या एका नव्या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहून काढला. त्या भाषेचं नाव आधी मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं, आणि डिसेंबर १९९५ मध्ये सन व नेटस्केपने मिळून जावास्क्रिप्ट असं जाहीर केलं. बाजारात तेव्हा जावाचा बोलबाला होता, म्हणून नावात जावा. आतून भाषा वेगळीच.

मराठीत या नात्याला नेमका शब्द आहे. या दोघी एकमेकींच्या जावा. सख्ख्या बहिणी नव्हेत. माहेर वेगळं, वळण वेगळं, एकाच घरात नांदायला आल्या म्हणून आडनाव सारखं झालं, एवढंच. थोरली पुढे ॲपलेट गुंडाळून ब्राउझरच्या घरातून बाहेर पडली आणि सर्व्हरवर स्थिरावली. धाकटीने घर ताब्यात घेतलं. आता प्रश्न असा की थोरलीला धाकटीकडून काम करून घ्यायचं असेल तर बोलायचं कसं? म्हणजे जावात लिहिलेल्या प्रोग्रॅममधून जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी वापरायची, आणि वापरताना जावाची टाइपची शिस्त शक्यतो सोडायची नाही, हे कसं जमवायचं? कोडची पानंच्या पानं इथे देत नाही, शब्दांत सांगतो. लॅबमध्ये बसून करून बघितलंत तर जास्त कळेल.

तुम्ही म्हणाल, हा खटाटोप हवा कशाला? जावात लिहायचं तर सगळं जावात लिहा. पण दोन ठिकाणी ही वेळ येतेच.

एक म्हणजे तुमचा प्रोग्रॅम जावा व्हर्च्युअल मशीनवर चालतोय आणि त्याच्या पोटात जावास्क्रिप्ट चालवणारं एक इंजिन बसवलंय. हिशोबाचे नियम किंवा फॉर्म तपासायचे नियम जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये ठेवायचे म्हणजे नियम बदलला की सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला नको. यासाठी राइनो नावाचं इंजिन होतं. ते १९९७ मध्ये नेटस्केपमध्ये सुरू झालं आणि डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ सोबत ते आयतंच मिळू लागलं. मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत त्याच्या जागी नॅशॉर्न आलं. (नॅशॉर्न म्हणजे जर्मन भाषेत गेंडा. राइनोही गेंडाच. एक गेंडा गेला, दुसरा आला!) सप्टेंबर २०२० च्या जावा १५ मधून नॅशॉर्नही काढून टाकलं. ते आता वेगळी लायब्ररी म्हणून मिळतं, आणि नवीन काम करणारे बहुतेकदा ग्रालव्हीएमच्या जावास्क्रिप्ट इंजिनकडे वळतात.

दुसरं ठिकाण जास्त गमतीचं आहे. इथे जावाचा प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनवर चालतच नाही. त्याचं भाषांतर होऊन जावास्क्रिप्ट तयार होते आणि ती ब्राउझरमध्ये चालते. गूगल वेब टूलकिट, म्हणजे जीडब्ल्यूटी, हे यातलं सर्वांत गाजलेलं नाव. मे २००६ मध्ये ते बाहेर आलं आणि त्याच वर्षअखेर ओपन सोर्स झालं. ब्राउझरमधले नकाशे, आलेख, एडिटर या सगळ्या तयार लायब्रऱ्या जावास्क्रिप्टमध्ये आहेत. त्या जावात पुन्हा लिहीत बसणं हा शुद्ध वेडेपणा. त्यामुळे जीडब्ल्यूटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या ही वेस ओलांडावी लागते. या लेखात मी मुख्यतः याच बाजूबद्दल लिहितो आहे. खरी फसगत इथेच होते.

दोघींचा स्वभाव आधी लक्षात घ्या. जावाला सगळं आगाऊ माहीत हवं. ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा, त्यात कोणत्या मेथड, प्रत्येक मेथडला किती आर्ग्युमेंट, परत काय येणार, हे सगळं कंपाइल करतानाच ठरलेलं असलं पाहिजे. जावास्क्रिप्टला यातलं काहीच नको. तीन आर्ग्युमेंट मागणाऱ्या फंक्शनला एकच दिलं तरी ती हूं की चूं करत नाही, उरलेली दोन 'अनडिफाइन्ड' धरून पुढे जाते. ऑब्जेक्टमध्ये नसलेली प्रॉपर्टी मागितली तर एरर नाही, पुन्हा तेच अनडिफाइन्ड. आणि अधिकच्या चिन्हाच्या एका बाजूला स्ट्रिंग आली तर बेरीज सोडून सरळ जोडाजोड. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जीडब्ल्यूटीने पहिला मार्ग काढला तो जेएसएनआय. जावात 'नेटिव्ह' हा कीवर्ड आधीपासून आहे. मेथडचं शरीर सी किंवा सी++ मध्ये लिहिलेलं असेल तेव्हा तो वापरतात. जीडब्ल्यूटीवाल्यांनी तोच कीवर्ड उचलला आणि मेथडचं शरीर जावास्क्रिप्टमध्ये लिहून ते जावाच्या कॉमेंटमध्ये ठेवायची युक्ती केली. साध्या जावा कंपायलरला ती कॉमेंट दिसते, तो पुढे जातो. जीडब्ल्यूटीचा कंपायलर मात्र ती उघडून आतली जावास्क्रिप्ट बाहेर काढतो. डोकं लावलंय, यात शंका नाही. पण कॉमेंटमधल्या मजकुराला जावाच्या टाइपचं संरक्षण नाही. लायब्ररीच्या मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं तर कंपायलर गप्प, एडिटर गप्प, आणि ब्राउझरमध्ये बटण दाबल्यावर बोंब. प्रत्येक छोट्या कॉलसाठी असा एक डबा लिहायचा म्हणजे प्रोजेक्टभर डबेच डबे.

ऑगस्ट २००८ च्या १.५ आवृत्तीत 'ओव्हरले टाइप' आले. कल्पना अशी की जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टवर जावाच्या क्लासचा नुसता मुखवटा चढवायचा. आत ऑब्जेक्ट तोच, कॉपी नाही, गुंडाळणारा दुसरा ऑब्जेक्ट नाही. त्यासाठी अटी बऱ्याच होत्या: त्या क्लासला स्वतःचे फील्ड नकोत, कन्स्ट्रक्टर प्रोटेक्टेड आणि रिकामा हवा, मेथड फायनल हव्यात. आतले कॉल मात्र अजून त्या कॉमेंटच्या डब्यातच होते. डबे पूर्ण गेले ते जेएसइंटरॉप आल्यावर. २०१४ च्या २.७ आवृत्तीत ते प्रयोग म्हणून दिसलं आणि ऑक्टोबर २०१६ च्या २.८ मध्ये पक्कं झालं. गूगलच्या जे२सीएल या नंतरच्या कंपायलरमध्ये तर जेएसएनआय नाहीच, फक्त जेएसइंटरॉप आहे. म्हणून आज नवीन काही शिकणार असाल तर डब्यांच्या वाटेला जाऊ नका.

जेएसइंटरॉपमध्ये जावास्क्रिप्ट लिहावीच लागत नाही. जावाचा एक साधा इंटरफेस किंवा क्लास लिहायचा आणि त्यावर 'जेएसटाइप' ही ॲनोटेशन लावून सांगायचं की हा नेटिव्ह आहे. म्हणजे "याचं शरीर माझ्याकडे शोधू नकोस, ते त्या घरात आधीच आहे. मी फक्त नावं सांगतोय." ही नावं सांगणं का गरजेचं आहे? कारण जीडब्ल्यूटीचा कंपायलर फाइल लहान करण्यासाठी तुमच्या मेथडची लांबलचक नावं बदलून एकदोन अक्षरांची करतो. तुमच्या स्वतःच्या कोडला त्याने काही फरक पडत नाही, सगळीकडे सारखंच बदलतं. लायब्ररीला मात्र तिचं खरं नावच कळतं. नेटिव्ह म्हटलं की कंपायलर त्या नावांना हात लावत नाही.

एक खरी लायब्ररी घेऊन बघू. लीफलेट ही नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. कीव्हच्या व्लोदिमिर अगाफोंकिन यांनी ती २०११ मध्ये आणली. लहान आहे, डॉक्युमेंटेशन स्वच्छ आहे, आणि प्रोजेक्टमध्ये कॉलेजचा नकाशा दाखवायला कुणीही वापरू शकतं. तिच्या १.० पासूनच्या मालिकेत सगळा कारभार 'एल' नावाच्या एका ग्लोबल ऑब्जेक्टमधून चालतो. एल कडे 'मॅप' मागितला की नकाशा मिळतो. नकाशाला 'सेटव्ह्यू' म्हटलं की तो दिलेल्या जागी आणि दिलेल्या झूमवर जातो. 'मार्कर' मागितला की खूण मिळते आणि 'ॲडटू' म्हटलं की ती नकाशावर लागते. 'ऑन' म्हणून क्लिकला फंक्शन जोडता येतं.

जावात यासाठी काय लिहायचं? एल साठी एक नेटिव्ह क्लास, त्यात मॅप आणि मार्कर या स्टॅटिक मेथड. नकाशासाठी एक, मार्करसाठी एक. क्लिकच्या फंक्शनसाठी एकच मेथड असलेला इंटरफेस लिहून त्यावर 'जेएसफंक्शन' लावायची, मग जावाची लॅम्डा सरळ देता येते आणि लायब्ररीला ती साधं फंक्शन म्हणून मिळते. एक बारकावा: तेच फंक्शन पुढे 'ऑफ' म्हणून काढायचं असेल तर लॅम्डा व्हेरिएबलमध्ये ठेवा. तीच लॅम्डा दोन ठिकाणी टाइप केली तर ती दोन वेगळी फंक्शन होतात आणि काढणं कधीच लागू पडत नाही.

एवढं झालं की लिहायला खरंच मजा येते. एडिटरमध्ये टिंब दिलं की मेथडची यादी उघडते. सेटव्ह्यूचं स्पेलिंग चुकलं की लगेच लाल रेघ. झूमच्या जागी स्ट्रिंग दिली की कंपाइल होत नाही. असं वाटतं की आपण जावाचीच लायब्ररी वापरतोय.

आणि इथेच सावध व्हायला हवं. कारण कंपायलरने तपासलं काय? तुमचा कोड तुम्हीच लिहिलेल्या इंटरफेसशी जुळतो की नाही, एवढंच. तो इंटरफेस लीफलेटशी जुळतो की नाही हे त्याने बघितलेलं नाही. तो बघूच शकत नाही, लीफलेट त्याच्यासमोर नसतेच! तुम्ही लिहिलेला इंटरफेस म्हणजे समोरच्या पार्टीची सहीसुद्धा तुम्हीच केलेला करारनामा आहे. धाकट्या जावेला विचारलेलंच नाही की बाई, तुला हे मान्य आहे का.

याने नेमकं काय बिघडतं ते बघा. समजा सर्व्हरकडून जेसनमध्ये नकाशाची माहिती येते आणि त्यात झूमची किंमत १३ आहे, पण पाठवणाऱ्याने ती अवतरण चिन्हात टाकलीय, म्हणजे ती स्ट्रिंग आहे. तुमच्या इंटरफेसमध्ये ते फील्ड 'डबल' म्हणून लिहिलंय. वाचताना काही होत नाही. मग तुम्ही जावात लिहिता, झूम अधिक एक. जावाच्या हिशोबाने डबल अधिक एक, उत्तर १४, दुसरं काही असूच शकत नाही. पण चालतेय ती भाषांतरित जावास्क्रिप्ट, आणि तिच्यात स्ट्रिंगला एक जोडला गेला. उत्तर १३१! पुढची गंमत अशी की लीफलेट समजूतदार आहे, झूम मर्यादेबाहेर गेला तर ती शेवटच्या मर्यादेवर आणून ठेवते. टाइलच्या थराची नेहमीची मर्यादा १८ असते. म्हणजे एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, फक्त नकाशा एखाद्या गल्लीवर जाऊन बसतो. जावाच्या कोडमध्ये कितीही शोधा, चूक दिसणार नाही, कारण जावाच्या नियमांनी तिथे चूक नाहीच.

कास्टिंगचीही तीच गोष्ट. खऱ्या जावात चुकीचं कास्ट केलं की क्लासकास्टएक्सेप्शन येतं. जीडब्ल्यूटीत नेटिव्ह इंटरफेसकडे केलेलं कास्ट तपासलंच जात नाही. मार्करला नकाशा म्हणा, तो ऐकून घेतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटरफेस नावाची वस्तूच नसल्यामुळे तपासायचं कशाशी? म्हणूनच अशा इंटरफेसवर 'इन्स्टन्सऑफ' लिहिलं तर कंपायलर सरळ नकार देतो. जे आपल्याला कळू शकत नाही ते विचारू नका, असं निदान प्रामाणिकपणे सांगतो.

ऑप्शन्स देताना अजून एक खड्डा आहे. जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांना शेवटी एक साधा ऑब्जेक्ट द्यायची पद्धत असते, हवं ते सांगा, बाकीचं आम्ही ठरवू. त्यासाठी जावात ग्लोबल 'ऑब्जेक्ट'वर बेतलेला नेटिव्ह क्लास करून त्यात फील्ड लिहितात. जावाच्या सवयीने आपण समजतो की डबल फील्डला काही दिलं नाही तर शून्य असणार. इथे तसं नाही. नेटिव्ह क्लासच्या फील्डला सुरुवातीची किंमत नसते, तुम्ही काही ठेवलं नाही तर ती प्रॉपर्टी जन्मालाच येत नाही. लायब्ररीच्या दृष्टीने हे चांगलंच, ती स्वतःची डीफॉल्ट किंमत घेते. पण तुम्ही ते फील्ड परत वाचून गणित केलं तर शून्याऐवजी 'नॅन' हाती येतो. आणि "काही द्यायचं नाही" म्हणून जावातून नल पाठवला तर तो नल म्हणूनच पोचतो. जावास्क्रिप्टची डीफॉल्ट किंमत अनडिफाइन्डला लागते, नलला नाही. द्यायचं नसेल तर खरंच देऊ नका, त्या आर्ग्युमेंटशिवायची दुसरी मेथड इंटरफेसमध्ये लिहा. नेटिव्ह टाइपमध्ये एकाच जावास्क्रिप्ट नावाच्या अनेक जावा मेथड चालतात.

लाँगबद्दल थोडक्यात. जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर हा ६४ बिटांचा डबल असतो, त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक राहतात. जावाचा लाँग त्याहून मोठा. म्हणून जीडब्ल्यूटी मोठा लाँग २२, २२ आणि २० बिटांच्या तीन तुकड्यांत फोडून ऑब्जेक्ट म्हणून सांभाळतं. हा ऑब्जेक्ट लायब्ररीला दिलात तर तिला त्यातलं काही कळणार नाही. जेएसएनआय अशा वेळी कंपाइलच करत नसे, जेएसइंटरॉप वॉर्निंग देतं. वॉर्निंग वाचायची सवय आपल्याकडे कुणाला आहे! दहा आकडी मोबाइल नंबर डबलमध्ये आरामात बसतो. अठरा-एकोणीस आकडी आयडी असेल तर तो स्ट्रिंग म्हणूनच पाठवा.

आता माझं आवडतं उदाहरण. लीफलेटला जागा सांगताना आधी अक्षांश, मग रेखांश द्यायचा. जिओजेसन हा जो माहितीचा ठरलेला प्रकार आहे त्यात बरोबर उलटं, आधी रेखांश. पुण्याचे अक्षांश साधारण १८.५२ उत्तर, रेखांश ७३.८६ पूर्व. जिओजेसनमधून आलेल्या दोन संख्या तशाच लीफलेटला दिल्या तर पुण्याची खूण उत्तरेला ७३.८६ वर, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या बर्फाळ समुद्रात, बेअर आयलंडच्या दक्षिणेला पडते. कंपायलरच्या दृष्टीने दोन्ही डबल, दोन्ही ठीक. ७३ हा अक्षांशही असू शकतो, त्यामुळे लायब्ररीही काही बोलत नाही. इथे इंटरफेस लिहिणाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते. सेटव्ह्यूला संख्यांचा ॲरे चालतो, तसाच अक्षांश-रेखांश अशी नावं असलेला ऑब्जेक्टही चालतो. मी म्हणेन, जावाच्या इंटरफेसमध्ये ॲरेची वाट ठेवूच नका. फक्त नावं असलेला ऑब्जेक्ट घेणारी एकच मेथड लिहा. लायब्ररी पाच प्रकारे ऐकते म्हणून आपण पाच प्रकारे बोलायला हवं असं थोडंच आहे? टाइप वापरण्याचा खरा फायदा इथे आहे: चुकीची वाट बंद करण्यात.

व्हर्च्युअल मशीनच्या बाजूला याच कामाला थोडं वेगळं वळण आहे. जावा ६ पासून स्क्रिप्ट इंजिनला एक जावा इंटरफेस दाखवून "याच्यासारखी फंक्शन तुझ्याकडे आहेत का?" असं विचारता येतं. त्या मेथडचं नाव गेटइंटरफेस. फंक्शन सापडली तर त्या इंटरफेसचा चालता ऑब्जेक्ट मिळतो, नाहीतर नल मिळतो. म्हणजे निदान नावांची हजेरी सुरुवातीलाच लागते. ग्रालव्हीएममध्ये याहून कडक व्यवस्था आहे. तिथे जावास्क्रिप्टची किंमत 'ॲज' म्हणून जावाच्या टाइपमध्ये मागावी लागते, आणि ती बसत नसेल तर तिथल्या तिथे क्लासकास्टएक्सेप्शन येतं. आपलं अवतरण चिन्हातलं १३ तिथे डबल म्हणून घुसलं नसतं, वेशीवरच पकडलं गेलं असतं.

मग जीडब्ल्यूटी असं का करत नाही? आळस नव्हे, तो विचारपूर्वक केलेला सौदा आहे. प्रत्येक कॉलला नाका उभारला तर प्रत्येक कॉलला वेळ जातो आणि ब्राउझरला पाठवायची फाइल फुगते. मुखवट्याची किंमत शून्य असावी, हा ओव्हरले टाइपपासूनचा हट्ट. व्हर्च्युअल मशीनवर दोन वेगळे टाइप खरोखर शेजारी नांदत असतात, त्यामुळे तिथे रूपांतर करावंच लागतं आणि रूपांतर करताना तपासणी आयती होते. ब्राउझरमध्ये भाषांतर झाल्यावर जावा उरलेलीच नसते, सगळी जावास्क्रिप्टच. नाका कुणासाठी उभारायचा? गंमत म्हणजे जुन्या जीडब्ल्यूटीत, ब्राउझरच्या प्लगइनवर चालणाऱ्या डेव्ह मोडमध्ये, जावाचा कोड खरोखरच व्हर्च्युअल मशीनवर चालत असे, आणि जेएसएनआय मेथडने इंटच्या जागी भलतंच परत केलं की ते तिथल्या तिथे मोठ्याने ओरडत असे. ब्राउझरांनी तसले प्लगइन बंद केले आणि ती ओरड बंद झाली. मला विचाराल तर हे मोठं नुकसान होतं. त्याची भरपाई आपल्याला हाताने करावी लागते.

ती कशी? पहिली गोष्ट, इंटरफेस बारीक ठेवा. लीफलेटच्या सगळ्या मेथड जावात उतरवण्याचा मोह होतो, सबमिशनला पानंही भरतात! पण न वापरलेली प्रत्येक मेथड म्हणजे न तपासलेलं एक वचन. दहा वापरत असाल तर दहाच लिहा, आणि त्या दहांसाठी डॉक्युमेंटेशन उघडून परतीचा टाइप वाचा, अंदाज नको. ब्राउझरच्या स्वतःच्या मेथडसाठी मात्र हाताने काही लिहू नका. एलिमेंटल२ नावाचा तयार संच आहे, तो क्लोजर कंपायलरच्या घोषणांच्या फाइलींमधून यंत्रानेच तयार केलेला आहे. हजारो मेथड हाताने लिहिण्यापेक्षा तो केव्हाही भरवशाचा.

दुसरं, बाहेरून आलेली किंमत आत घेतानाच एकदा तपासा. जेसनमधून येणारी फील्ड संशयास्पदच समजा. तिथे झूमचा टाइप डबल न लिहिता साधा ऑब्जेक्ट लिहा आणि तो खरंच डबल आहे का ते विचारा. हा प्रश्न जीडब्ल्यूटी २.८ पासून नीट चालतो, कारण जावाचा मोठ्या अक्षरातला डबल, बूलियन आणि स्ट्रिंग हे तिथे जावास्क्रिप्टच्या मूळ किमतीच असतात. मोठ्या अक्षरातला इंटिजर मात्र तसा नाही, तो जावाचा ऑब्जेक्ट राहतो. त्यामुळे लायब्ररीकडून आलेला आकडा इंटिजर आहे का असं विचारलंत तर उत्तर नेहमी नाहीच येणार, मग आकडा १३ असो वा १४.

तिसरं आवृत्तीचं. तुमचा इंटरफेस ज्या दिवशी लिहिला त्या दिवशीच्या लायब्ररीचा फोटो असतो. लायब्ररी पुढे जाते, फोटो तोच राहतो. २०२५ साली लीफलेटची २.० मालिकेतली अल्फा आवृत्ती आली, तिच्यात लहान अक्षरातले मॅप, मार्कर हे फंक्शन काढून टाकले आहेत आणि थेट क्लासपासून ऑब्जेक्ट बनवायला सांगितलंय. ग्लोबल एल सुद्धा गेला. तुमचा जावा कोड मात्र अजूनही एकही एरर न देता कंपाइल होईल! म्हणून पानावर लायब्ररीची फाइल जोडताना तिची आवृत्ती आकड्यांसकट लिहा, "ताजी असेल ती" असं कधीच नको. शिवाय प्रोग्रॅम सुरू होताना सगळ्यात आधी एल अस्तित्वात आहे का आणि त्याच्या 'व्हर्जन' या प्रॉपर्टीची सुरुवात एकने होते का, हे दोन ओळींत तपासा. नसेल तर नकाशा उघडूच नका, स्पष्ट निरोप दाखवा.

आणि इंटरफेसमधल्या प्रत्येक मेथडसाठी खऱ्या ब्राउझरमध्ये चालणारी एक चाचणी असू द्या. नुसत्या जावावर चालणाऱ्या जेयुनिट चाचण्या इथे कामाच्या नाहीत, त्यात लीफलेट नसतेच. चाचणी फार मोठी लागत नाही. नकाशा बनवा, पुण्यावर नेऊन ठेवा, मग नकाशालाच विचारा तुझा मध्य कुठे आहे. अक्षांश १८ च्या आसपास आला आणि झूममध्ये एक मिळवल्यावर १४ आले, तर तुमच्या करारावरची निदान दोन कलमं धाकट्या जावेने वाचून मान्य केली आहेत.